प्रीफॅब स्प्राउट : बेडकाच्या गाण्यापलीकडे (आठवणी आणि वाद दोन्हींचं स्वागत)

डबल_कॅसेट

१९८८च्या वसंतात मी इंग्लंडच्या ईशान्य टोकाला साउथ शील्ड्समध्ये होतो. मर्चंट नेव्हीतल्यांना वेगळं सांगायला नको, तिथल्या मरीन कॉलेजात क्लास टूच्या परीक्षेसाठी मुंबईची बरीच पोरं जायची. टाइन नदीच्या मुखाशी गाव, समुद्रावरून येणारा बोचरा वारा आणि आठवड्याच्या भाड्यावर एका बाईंच्या घरी वरची खोली. गुरुवारी संध्याकाळी बाई टीव्हीवर 'टॉप ऑफ द पॉप्स' लावायच्या. मी ओरल्सची वही मांडीवर घेऊन त्यांच्यासोबत बसायचो.

एका गुरुवारी प्रीफॅब स्प्राउट नावाच्या बँडचं 'द किंग ऑफ रॉक अँड रोल' लागलं. शब्द काय, तर हॉट डॉग, उड्या मारणारा बेडूक, आल्बुकर्की. हसायलाच आलं. बाई मात्र ताठ बसून म्हणाल्या, "हसू नकोस, ही आमची पोरं आहेत. डरमकडची." आपल्या गावचा पोरगा रणजीत शतक ठोकून आला की आपण बोलतो ना, तसा सूर.

दुसऱ्या दिवशी मेट्रोनं न्यूकॅसलला गेलो. दुकानात ते गाणं असलेला अल्बम मागितला, तर काउंटरवरच्या पोरानं त्याच्याऐवजी जुनी कॅसेट पुढे केली : 'स्टीव्ह मॅक्वीन', १९८५. मुखपृष्ठावर धुकं, ट्रायम्फ मोटरसायकल आणि तिच्याभोवती चौघं. "बेडूक नंतर. आधी ही ऐक," म्हणाला. त्या पोराचे उपकार मी अजून फेडतोय. हा धागा म्हणजे त्यातलाच एक हप्ता समजा.

परीक्षा पास झालो, जहाजावर परतलो. चार ते आठची वॉच संपली की केबिनमध्ये ती कॅसेट लागायचीच. तिसरं गाणं 'अ‍ॅपेटाइट'. त्यात दीड मिनिटाच्या आसपास माझ्या प्लेअरनं एकदा टेप खाल्ली. पेन्सिलीनं गुंडाळून वाचवली, पण तिथं एक गचका कायमचा राहिला. पुढे सीडी आली, मोबाइल आला, गाणं स्वच्छ झालं. तरी त्या जागी आल्यावर मी आजही गचक्याची वाट बघतो.

ब्रिटिश पॉप म्हटलं की आपल्याकडे बीटल्स, क्वीन, फार तर द स्मिथ्स. हा बँड कोणाच्या यादीत दिसत नाही, आणि ज्यांना माहीत आहे त्यांना फक्त बेडूक माहीत आहे. इथं कोणी आहे का ओळखीचं?

मटकी_उसळ

काका, 'स्प्राउट' वाचून मिसळीचा धागा समजून आत आलो. आता आलोच आहे तर बसतो. प्रीफॅब स्प्राउट म्हणजे काय, रेडीमेड मोड?

डबल_कॅसेट

बसा बसा, पावही आहे :)

नावाच्या दोन कथा आहेत आणि दोन्ही गाणी लिहिणाऱ्या पॅडी मॅकलूननंच सांगितलेल्या. एक अशी, की 'जॅक्सन' नावाच्या अमेरिकन द्वंद्वगीतातला 'पेपर स्प्राउट' त्याला लहानपणी 'प्रीफॅब स्प्राउट' ऐकू आला. दुसरी अशी, की सत्तरीच्या सुरुवातीला सगळ्या बँडांची नावं विचित्र असायची, म्हणून त्यानंही शाळकरी वयात एक बनवून ठेवलं. खरी कुठली ते तुम्हीच ठरवा. मला पहिली आवडते.

पश्चिमवारा

मी आहे! मी आहे! एवढ्या वर्षांत मराठीत या बँडबद्दल लिहिलेलं पहिल्यांदा वाचतेय.

मी २०१६ ते १७ डरमला मास्टर्स करत होते. बँडचं मूळ गाव विटन गिल्बर्ट तिथून बसनं अगदी जवळ. (उच्चार 'जिल्बर्ट'. मी पहिल्यांदा 'गिल्बर्ट' म्हटलं तर शेजारच्या आजींनी लगेच दुरुस्त केलं.) पॅडीच्या वडिलांचा तिथं पेट्रोल पंप होता. पॅडी आणि धाकटा भाऊ मार्टिन दोघंही तिथं काम करायचे, आणि सत्तरीच्या उत्तरार्धात बँडही तिथंच सुरू झाला. एक गिटार घेऊन गातो, दुसरा बेस वाजवतो. गाडी आली की उठायचं, टाकी भरायची, पैसे घ्यायचे, पुन्हा बसायचं.

पुढचं गाव लँगली पार्क. डबल_कॅसेट काकांना दुकानात जो अल्बम मिळाला नाही त्याचं नाव 'फ्रॉम लँगली पार्क टू मेम्फिस'. मला वाटायचं लँगली पार्क म्हणजे एखादी बाग असेल. प्रत्यक्षात कोळशाच्या खाणीचं गाव, विटांच्या घरांच्या सरळ रांगा, बसथांब्यावर शाळेची पोरं. तिथून एल्विसच्या मेम्फिसपर्यंतची ओळ या माणसानं मनातल्या मनात आखली. त्या बसथांब्यावर उभी राहिले तेव्हा कुठं मला अल्बमचं नाव कळलं.

काटेकोर

खोडा घालायला आलोय. 'स्टीव्ह मॅक्वीन' मीही ऐकलाय. शब्दबंबाळ वाटला. प्रत्येक ओळीत "बघा मी किती हुशार" चाललेलं असतं. पॉप गाणं पहिल्या ऐकण्यात पकडीत आलं पाहिजे. पाच वेळा ऐकून कळणार असेल तर तो गृहपाठ झाला.

कोमल_निषाद

काटेकोरराव, निम्मा सहमत. 'स्वून' हा १९८४चा पहिला अल्बम तुम्ही म्हणता तसाच आहे. त्यातली गाणी गिटारवर बसवायला गेलो की बोटांना मुंग्या येतात. दोन ओळी सरळ चालल्या की तिसऱ्या ओळीला कॉर्ड भलत्याच गल्लीत शिरते. आपण "हा आता समेवर येणार" म्हणून मान हलवायला जावं आणि त्यानं तिथून हुलकावणी द्यावी.

पण 'स्टीव्ह मॅक्वीन'मध्ये तसं होत नाही, आणि त्याचं मोठं श्रेय निर्माता थॉमस डॉल्बीचं. डॉल्बी बीबीसीच्या रेडिओ वनवर नव्या गाण्यांवर मत देणाऱ्या कार्यक्रमात पाहुणा होता. तिथं त्यानं 'स्वून'मधलं 'डोन्ट सिंग' ऐकलं आणि मनापासून कौतुक केलं. बँडनं ते ऐकलं आणि निरोप धाडला. मग डॉल्बी उत्तरेला पॅडीच्या घरी गेला. पॅडीनं गिटार घेऊन एकामागून एक चाळीसेक गाणी म्हणून दाखवली, काही कित्येक वर्षं पडून असलेली. डॉल्बीनं त्यातून निवड केली.

म्हणजे १९८५चा अल्बम म्हणून आपण जो ऐकतो त्यातली काही गाणी पंपावरच्या दिवसांतली आहेत. कॉर्ड्स तितक्याच तिरक्या, पण डॉल्बीनं भोवती हवा ठेवली. बँडमधल्या वेंडी स्मिथचा आवाज ऐका. ती पार्श्वगायिकेसारखी मागून साथ करत नाही. श्वासासारखा एक सूर येतो आणि विरतो, कधी कधी सिंथ कुठला आणि वेंडी कुठली कळत नाही. तानपुऱ्याला आपण असंच 'ऐकत' नसतो, पण बंद केला की खोली रिकामी होते.

काटेकोर

तानपुरा मध्ये आणला की संपलं. मराठी माणसाला कुठलीही परदेशी गोष्ट पटवायची तर तानपुरा आणायचा. असो. पण 'व्हेन लव्ह ब्रेक्स डाउन' त्यातल्या त्यात बरं आहे, आणि त्याचंही श्रेय डॉल्बीला देऊ नका. ते फिल थॉर्नलीनं केलंय.

कोमल_निषाद

बरोबर, माझी चूक. उरलेलं डॉल्बीचं. (नावडत्या अल्बमचे निर्माते गाण्यानुसार पाठ असलेला माणूस प्रथमच पाहिला.)

मटकी_उसळ

:)) कोमल_निषाद १, काटेकोर ०.

लिंबाचा_पार

वाचतोय. पण स्टीव्ह मॅक्वीन तर हॉलिवूडचा हिरो ना? त्याच्यावर गाणी आहेत का?

डबल_कॅसेट

एकही नाही! नुसतं नाव. मॅक्वीनच्या वारसांकडून हरकत आल्यामुळे अमेरिकेत तोच अल्बम 'टू व्हील्स गुड' या नावानं काढावा लागला. जहाजावरच्या एका अमेरिकन कॅडेटशी माझा यावरून वाद झाला होता. तो म्हणे त्याच्याकडे बँडचा वेगळाच अल्बम आहे. दोघांनी कॅसेटी शेजारी ठेवून गाण्यांची यादी वाचली तेव्हा उलगडा झाला.

पश्चिमवारा

पहिल्या सिंगलचा किस्सा कोणी सांगितला नाही अजून? मी सांगते. १९८२. गाण्याचं नाव 'लायन्स इन माय ओन गार्डन, एक्झिट समवन'. माझ्याच बागेतले सिंह, आणि कोणीतरी निघून जातंय. अर्थ लावत बसू नका. इंग्रजी शब्दांची पहिली अक्षरं घ्या : एल, आय, एम, ओ, जी, ई, एस. लिमोज. फ्रान्समधलं गाव. पॅडीची प्रेयसी तिकडे निघून गेली होती.

आपल्याकडे उखाण्यात नाव घेतात, यानं गाण्याच्या नावात पत्ता घेतला. काटेकोरजी याला हुशारी मिरवणं म्हणतील. मला मात्र वाटतं की ज्याला सरळ रडता येत नाही तो असंच काहीतरी करतो. शब्दकोड्यात लपवलं की चारचौघांत म्हणता येतं.

काटेकोर

हे माहीत नव्हतं. किस्सा चांगला आहे. मुद्दा कायम.

सलाईन_आणि_चहा

नमस्कार, क्वचित लिहितो. न्यूकॅसलजवळ रुग्णालयात भूलतज्ज्ञ आहे, वीसेक वर्षं झाली इकडे येऊन.

इथल्या लोकांचं या बँडवरचं प्रेम मुकं आहे. पुतळा नाही, पाटी नाही. पण थिएटरमध्ये ऑपरेशन चालू असताना रेडिओवर 'कार्स अँड गर्ल्स' लागलं तर कोणीतरी हमखास आवाज वाढवतं. ते गाणं अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनला काढलेला चिमटा आहे. महामार्ग, मोटारी, पोरी असलं सगळं स्वप्न तुम्ही गाता, पण माणसाला याहून जास्त दुखवणाऱ्या गोष्टी असतात, असा काहीसा सूर. इकडच्या खाणी आणि गोद्या बंद पडत होत्या तो काळ आठवला की ते गाणं नुसती थट्टा राहत नाही. इंग्लंडच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ते ४४व्या क्रमांकावर अडलं. त्याच अल्बममधलं बेडकाचं गाणं ७व्या क्रमांकावर गेलं.

मला बोलायचं आहे ते मात्र 'आय ट्रॉल द मेगाहर्ट्झ'बद्दल. नव्वदीच्या शेवटी पॅडीच्या डोळ्यांचे पडदे सुटले. शस्त्रक्रिया झाल्या. कित्येक महिने वाचता येईना. मग तो रेडिओ ऐकत पडायचा. शॉर्टवेव्ह, रात्रीचे फोन-इन कार्यक्रम, अनोळखी माणसांची दुःखं. त्यातली वाक्यं मनात साठत गेली, काही टेपवरही घेतली. त्यातून २००३ साली हा अल्बम झाला, आधी त्याच्या एकट्याच्या नावानं, आणि २०१९मध्ये बँडच्या नावानं पुन्हा.

पहिलंच गाणं २२ मिनिटांचं. गाणं तरी कसं म्हणू? मागे वाद्यवृंद, त्यात ट्रम्पेट, आणि एक बाई शांतपणे बोलत राहते. पॅडी गातच नाही. मी ते पहिल्यांदा ऐकलं रात्रपाळीहून घरी जाताना, गाडीत. घराच्या दारात पोहोचलो तेव्हा आठेक मिनिटं बाकी होती. इंजिन चालू ठेवून बसून राहिलो. बायको खिडकीतून खुणा करत होती, काय झालं, काय झालं. काय सांगणार? डोळ्यांचे पडदे सुटलेले पेशंट मी पाहिले आहेत. उताणं नाहीतर एका कुशीवर पडून राहायला सांगतात. छताकडे बघायलाही धड दिसत नाही. त्या अवस्थेत कान किती मोठे होत असतील ते मला त्या दिवशी कळलं.

कोमल_निषाद

डॉक्टर, हे फार सुंदर लिहिलंत. आणि पुढे तर कानही गेले ना त्याचे? २००६च्या सुमारास कानात सतत आवाज, एका कानाला ऐकू येणं कमी. बँडनं गाणी वाजवणं त्यामुळेच अवघड झालं असं वाचलंय.

सलाईन_आणि_चहा

हो, मेनिएरचा आजार. चक्कर, कानात गुंजारव, मधूनच बहिरेपण. २०००च्या दौऱ्यानंतर बँड म्हणून ते रंगमंचावर आलेच नाहीत. २०१३चा 'क्रिमझन/रेड' त्यानं घरी एकट्यानं वाद्यं वाजवून पुरा केला. त्या वेळचे फोटो बघा : लांब पांढरी दाढी, काळा चष्मा, हॅट. डरमच्या रस्त्यावर दिसला तर कोणी निवृत्त जादूगार वाटेल. त्या अल्बममध्ये म्हाताऱ्या जादूगाराचं गाणं आहेच.

लिंबाचा_पार

एवढं आजारपण, तरी 'अंडररेटेड' का राहिला हा माणूस? कंपनीनं दाबला की काय?

डबल_कॅसेट

कंपनीला बोल लावण्यात अर्थ नाही. १९८८च्या 'लँगली पार्क' अल्बमवर पाण्यासारखा पैसा ओतला. एका गाण्यात स्टीव्ही वंडरचा हार्मोनिका आहे, दुसऱ्यात 'द हू' बँडच्या पीट टाउनशेंडची गिटार. अल्बम ५व्या क्रमांकापर्यंत गेलाही.

घोटाळा वेगळाच झाला. बेडकाचं गाणं नीट ऐका. ते एका उतरत्या वयाच्या गायकाचं मनोगत आहे. तरुणपणी त्याचं एकच गाणं गाजलं, तेही अर्थहीन शब्दांचं, आणि आता जन्मभर लोक त्याच्याकडून तेच मागतात. हॉट डॉग, बेडूक, आल्बुकर्की हे त्या गाण्यातलं गाणं. पॅडीनं हा विनोद लिहिला आणि लोकांनी तो विनोदासकट त्याच्याच गळ्यात बांधला. इंग्लंडमध्ये त्याचं सर्वात गाजलेलं गाणं तेच राहिलं. व्हिडिओत तरणतलावाजवळ ट्रे घेऊन फिरणारा बेडूक दिसला, मग शब्दांकडे कोण बघतो?

आमच्या घरमालकीणबाईंना मी हे तेव्हाच समजावून सांगायचा प्रयत्न केला होता. त्या म्हणाल्या, "ते ठीक आहे रे, पण बेडूक गोड आहे."

पश्चिमवारा

बाई जिंकल्या.

मला अजून एक कारण वाटतं. हा माणूस गाणी लिहितो आणि कपाटात ठेवतो. 'प्रोटेस्ट साँग्ज' १९८५मध्येच ध्वनिमुद्रित झाला होता, बाहेर आला १९८९ला. 'लेट्स चेंज द वर्ल्ड विथ म्यूझिक' त्यानं १९९२-९३च्या सुमारास घरी एकट्यानं नमुना म्हणून बनवला, लोकांपर्यंत आला २००९मध्ये. मायकेल जॅक्सनवर एक अख्खा अल्बम लिहिलाय म्हणे, पृथ्वीच्या इतिहासावर दुसरा, आणि दोन्ही तिथंच. आमच्या आजीचं लोणचं असंच असायचं. "मुरू दे अजून" म्हणत बरणी माळ्यावर, आणि आजी गेल्यावर माळ्यावर सात बरण्या निघाल्या.

आणखी एक आठवण. डरमजवळ अशॉ नावाची जुनी सेमिनरी आहे. लहानपणी पॅडीला तिथं घातलं होतं, पाद्री व्हायला. सेमिनरी २०११मध्ये बंद झाली. मी गेले तेव्हा तिथं लोक चहा प्यायला आणि बाग बघायला येत होते. चॅपलमध्ये कोणी नव्हतं. हळूच 'हॅलेलुया' गुणगुणून बघितलं (पॅडीचं, 'स्टीव्ह मॅक्वीन'वरचं). त्या छतानं माझा बेसूर आवाजही सुधारून परत दिला. देवाशी या माणसाची जी सलगी आणि भांडण गाण्यांतून चालू असतं ते तिथून आलं असावं असं मला उगाच वाटतं.

कोमल_निषाद

देवाचा विषय निघालाच आहे तर 'जॉर्डन : द कमबॅक' (१९९०). १९ गाणी. एल्विस, अमेरिकन डाकू जेसी जेम्स, देव, प्रेम, सगळे एकाच ताटात. पुन्हा डॉल्बी. माझ्या मते हा त्यांचा सर्वोत्तम. भर पावसाळ्यात, वीज गेल्यावर, बॅटरीवरच्या प्लेअरवर सलग ऐकावा. मधे उठून दार उघडायचं नाही.

डबल_कॅसेट

आदर राखून असहमत. 'जॉर्डन'मध्ये पाच गाणी जास्त आहेत. कुठली पाच ते दर वेळी बदलतं, ही गोष्ट वेगळी.

मटकी_उसळ

बरं, मी अडाणी माणूस. एकच गाणं सांगा. आज रात्री ऐकतो. आवडलं तर राहतो, नाहीतर मिसळीच्या धाग्यावर परत.

पश्चिमवारा

'बॉनी'. कोणी गेल्यावर मागं राहिलेल्याचं गाणं.

कोमल_निषाद

'वी लेट द स्टार्स गो'.

सलाईन_आणि_चहा

२२ मिनिटं असतील तर तुम्हाला माहीत आहे. नसतील तर 'बॉनी'.

डबल_कॅसेट

'गुडबाय लुसील नंबर वन'. प्रेमात आपटलेल्या जॉनी नावाच्या मित्राला समजावणारं गाणं. सिंगल म्हणून काढलं तेव्हा नावही 'जॉनी जॉनी' केलं होतं. सुरुवातीला मित्र शहाणपणा सांगतो : होतं असं, विसर. शेवटी शेवटी समजावणाऱ्याचाच आवाज फाटतो. त्या फाटलेल्या आवाजात गृहपाठ नाही, काटेकोरराव. ते पहिल्या ऐकण्यात कळतं.

मटकी_उसळ

चार माणसं, चार गाणी. (डॉक्टरांची दीड.) तरी चौघंही खूश. ठीक आहे, सगळी ऐकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी : 'बॉनी' ऑफिसच्या बसमध्ये तीनदा ऐकलं. शब्द निम्मेच कळले. हिंजवडीचा सिग्नल कधी सुटला कळलं नाही. राहतोय.

काटेकोर

रात्री पावणेएक. हेडफोन. 'लुसील' दुसऱ्यांदा लावलंय. सहमत झालो असा अर्थ कोणी काढू नये.